हाय खाल्ली म्हणजे नेमके काय होते?

‘तरणाताठा मुलगा गेला आणि बापाने हाय खाल्ली’, ‘नवऱ्याच्या मागोमाग वर्षभरात तीही गेली’ अशी वाक्ये आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाईट बातमी कानावर पडली की छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात. दुःख मनाचे असले तरी भाषेने त्याला जागा दिली ती छातीत, पोटात आणि हातापायांत. मनाला बसलेला धक्का शरीराला सोसावा लागतो, हे आपल्या आज्या-पणज्यांनी अनुभवाने ओळखले होते. तो कसा सोसावा लागतो, याचा बराचसा उलगडा आता वैद्यकशास्त्राने केला आहे.

किल्लारीची पहाट

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली गावे गाढ झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

वाचलेल्यांच्या जखमा भरल्या, घरेही उभी राहिली. पण भूकंपानंतर महिनाभराने मानसोपचारतज्ज्ञांनी वाचलेल्यांपैकी काहींना तपासले, तेव्हा त्यांतल्या ५९ टक्के लोकांत निदान करता येईल असा मानसिक आजार आढळला. पाहणी लहान होती. तिचा अहवाल १९९६ साली प्रसिद्ध झाला. असा रुग्ण ‘माझे मन दुखते’ असे सहसा म्हणत नाही. झोप लागत नाही, छाती धडधडते, डोके जड होते, अन्नावर वासना नाही, अशीच त्याची तक्रार असते. मग डोकेदुखीची गोळी मिळते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

असा धक्का बसायला अंगावर भिंतच पडावी लागते असे नाही. १३ मे २००८ च्या संध्याकाळी जयपूरच्या जुन्या शहरातल्या गजबजलेल्या भागांत लागोपाठ बॉम्बस्फोट झाले. सोडाला ही वस्ती त्या जुन्या परकोटाबाहेरची. पण अशा वेळी बाजारात गेलेले माणूस घरी परतेपर्यंत ज्यांचा जीव टांगणीला लागतो, त्यांच्या शरीरातही तीच धावपळ सुरू होते. अपघात, अचानक आलेला मृत्यू, मोडलेला संसार, घरातली रोजची मारहाण यांनीही हेच घडते.

शरीरात काय घडते?

संकटाची चाहूल लागताच मेंदू मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो. त्यातून ॲड्रेनलिन रक्तात उतरते. हृदय जोरात धावू लागते, रक्तदाब चढतो, श्वास वाढतो, पचन मंदावते. पाठोपाठ कॉर्टिसॉल येते आणि रक्तातली साखर वाढवते. पळायला किंवा झुंजायला बळ मिळावे, यासाठी ही सारी तयारी असते. संकट टळले की ती उतरावी, असा निसर्गाचा नेम आहे.

पण मोठा आघात झालेल्या माणसाच्या मेंदूला संकट टळले हे पटत नाही. दार आपटले तरी तो दचकतो, रात्री घाम फुटून जागा होतो. धोक्याची घंटा महिनोन्‌महिने वाजत राहते. मग झोप जाते, आम्लपित्त आणि पोटाच्या तक्रारी सुरू होतात, मान-पाठ आखडते, मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात राहत नाहीत.

अमेरिकेतल्या लॉस एंजलिसजवळ १७ जानेवारी १९९४ रोजी असाच पहाटे भूकंप झाला. तिथे हृदयविकाराने अचानक होणाऱ्या मृत्यूंची संख्या आदल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ४.६ होती. त्या एका दिवशी ती २४ झाली. ज्यांचे हृदय आधीच अधू होते, त्यांना तो धक्का पेलला नाही.

पण निरोगी हृदयावरही आघात होऊ शकतो. १९९० साली जपानी डॉक्टरांनी एका विकाराचे वर्णन केले. तीव्र दुःखानंतर किंवा भीतीनंतर हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. त्याचा आकार ऑक्टोपस पकडायच्या जपानी मडक्यासारखा, म्हणून नाव पडले ‘ताकोत्सुबो’. छातीत कळ येते, दम लागतो, ईसीजीही हार्ट अॅटॅकसारखा दिसतो; पण रक्तवाहिनीत त्याला कारण ठरेल असा अडथळा सापडत नाही. हा विकार पाळी गेलेल्या स्त्रियांत सर्वाधिक दिसतो. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. म्हणूनच घरी दुःखद घटना घडली असताना आईच्या छातीत कळ आली, तर ‘रडून रडून झाले असेल’ असे म्हणून थांबू नका. तडक रुग्णालय गाठा.

आणि मागोमाग जाणे? १९६३ साली इंग्लंडमध्ये पंचावन्न वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यूंचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त निघाले. म्हणजे ‘हाय खाल्ली’ हा नुसता वाक्प्रचार नव्हे!

सेवा करणाऱ्यांकडेही लक्ष असू द्या. १९९५ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर मुद्दाम केलेली बारीक जखम इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. सततच्या ताणाने शरीराची रोगाशी लढण्याची आणि झीज भरून काढण्याची ताकद कमी होते.

घरच्यांनी काय करावे?

आपल्या घरांत अशा वेळी दोन चुका हमखास होतात. पहिली, तपासणीत काही निघाले नाही की ‘हिला काही झालेले नाही, सगळे मनाचे खेळ’ असे म्हणणे. पोट मनामुळे दुखत असले तरी ते दुखतेच. नाटक म्हटले की ती बाई दुखणे सांगायचे थांबते, आणि पुढे खराच मोठा आजार झाला तरी बोलत नाही. दुसरी चूक उलटी. प्रत्येक दुखण्याला ‘टेन्शन’ म्हणून शरीराची तपासणीच टाळायची. आधी रक्तदाब, साखर, हृदय तपासून घ्या. त्याच वेळी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘चार महिन्यांपूर्वी यांचा भाऊ गेला, तेव्हापासून हे सुरू आहे.’ या एका वाक्याने उपचारांची दिशा बदलू शकते.

दुःखात असलेल्या माणसाला ‘विसर आता’, ‘पुरुष असून रडतोस?’ असे बोलू नका. बोलावेसे वाटले तर बोलू द्या; गप्प बसला तर खोदून विचारू नका, नुसते जवळ बसा. जेवणाची आणि झोपेची वेळ सांभाळा, संध्याकाळी सोबत थोडे चालायला न्या. दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या यांपासून त्याला जपा. चालू असलेली मधुमेहाची, रक्तदाबाची औषधे या दिवसांत हमखास चुकतात; ती वेळेवर देण्याची जबाबदारी घरातल्या एकाने उचलावी.

महिना उलटूनही झोप नाही, तीच दृश्ये डोळ्यांसमोर येतात, कामात लक्ष नाही, असे असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागला तर एक दिवसही थांबू नका आणि त्याला एकटे सोडू नका. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

हात मोडला की आपण त्याला प्लास्टर घालतो, महिनाभर जड काम करू देत नाही, आणि शेजारीपाजारीही समजून घेतात. ज्याच्या घरातले माणूस गेले आहे, त्यालाही तेवढीच सवलत लागते.