लेसर थंड ठेवायचा, की उष्णता सोसणारा घडवायचा?

राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल 2023 मध्ये मंजुरी मिळाली. तरतूद 6003.65 कोटी रुपयांची, मुदत 2030-31 पर्यंतची. तेव्हापासून क्यूबिट आणि क्वांटम संगणक यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. या यंत्रणांपैकी अनेकींच्या पोटात असणाऱ्या, तांदळाच्या दाण्याहून लहान अर्धवाहक लेसरविषयी मात्र क्वचितच कोणी लिहिते.

या लेसरचे मोठे दुखणे म्हणजे तापमान. ते वाढले की लेसर सुरू होण्यास लागणारा किमान प्रवाह, म्हणजेच उंबरठा प्रवाह, घातांकी रीतीने चढतो. दूरसंचारात रूढ असलेल्या इंडियम फॉस्फाइडवरील अनेक लेसरांत साधारण 60 अंशांच्या वाढीने तो सुमारे 2.7 पट होतो. जादा प्रवाहाने चिप आणखी तापते, आणि दुष्टचक्र सुरू होते. राजस्थानात फलोदी येथे 19 मे 2016 रोजी हवेचेच तापमान 51 अंश नोंदले गेले. उन्हात उभ्या बंद लोखंडी पेटीत काय होत असेल, याची कल्पना करावी.

तरंगलांबीचे प्रकरण याहून नाजूक आहे. रुबिडियम अणूसाठी वापरला जाणारा 780 नॅनोमीटरचा जालीयुक्त लेसर अंशामागे सुमारे 0.06 नॅनोमीटर सरकतो. वारंवारितेच्या भाषेत हे जवळपास 30 गिगाहर्ट्झ. अणूच्या रेषेची नैसर्गिक रुंदी केवळ 6 मेगाहर्ट्झ. म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागानेही लेसर पाच रेषारुंदी भरकटतो.

यावर रूढ उपाय म्हणजे पेल्टिए शीतक. तो उत्तम चालतो, पण अनेकदा लेसरपेक्षा अधिक वीज खातो. दुसरा उपाय पदार्थातच बदल करण्याचा. इलेक्ट्रॉनांना क्वांटम ठिपक्यांत कोंडले तर उंबरठा प्रवाह तापमानाला फारसा जुमानणार नाही, असे अराकावा आणि साकाकी यांनी 1982 मध्ये मांडले. फुजित्सू आणि तोक्यो विद्यापीठ यांनी असा 1.3 मायक्रोमीटरचा लेसर, चालक प्रवाह न बदलता, 20 ते 70 अंशांपर्यंत चालवून दाखवला तो 2004 मध्ये. मधली 22 वर्षे मुख्यतः स्फटिकवाढीच्या चिवट कामात गेली. (ठिपक्यांनी तरंगलांबीचे सरकणे थांबत नाही, अपवर्तनांक तापमानाबरोबर बदलतोच. अणुघड्याळाला शीतक आणि अणुरेषेशी जखडणी लागणारच.)

भारतात संशोधन-प्रकल्पाची नेहमीची मुदत तीन वर्षांची असते. एवढ्या काळात स्फटिकवाढीचे यंत्र मागवून, बसवून, त्यातून पहिले निर्दोष थर मिळवणेही कठीण. त्यामुळे हुशार गटसुद्धा शीतकासह बंदिस्त आयात लेसर विकत घेतात आणि पुढच्या प्रयोगाला लागतात. त्यांचा दोष नाही. निधीची घडणच तशी आहे. क्षमता शून्य आहे, असेही नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात लेसर डायोडसाठी स्फटिकवाढ झालेली आहे. अशा एकदोन केंद्रांना दहा वर्षांचा अखंड निधी, स्थायी तंत्रज्ञ आणि देशभरच्या विद्यार्थ्यांसाठी खुले दार मिळायला हवे. आणि तिथे घडलेल्या प्रत्येक चिपची चाचणी केवळ 25 अंशांच्या वातानुकूलित खोलीत न करता 85 अंशांपर्यंत करून, बिघडलेल्या नमुन्यांसह सारे आकडे प्रसिद्ध व्हावेत.