बैल रुमालाखाली

भाव न करता घेतलेली वस्तू आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना महागच पडल्यासारखी वाटते. मराठीत घासाघीस म्हणा, कन्नडमध्ये चौकासी म्हणा, दोन्ही भाषांतली माणसे त्यात सारखीच तरबेज. बाजार उठायच्या वेळी भाजीवाली कोथिंबिरीची जुडी निम्म्या भावात देते, कारण उद्या ती सुकणार. हॉटेलची खोली तर कोथिंबिरीपेक्षाही नाशवंत. खोली उद्या विकता येईल, पण आजची रिकामी गेलेली रात्र पुन्हा विकता येत नाही.

नेमक्या याच गोष्टीवर अमेरिकेत एक मोठा धंदा उभा राहिला. जे वॉकर यांच्या प्राईसलाईन या कंपनीने १९९८ मध्ये इंटरनेटवर ‘तुमची किंमत तुम्हीच सांगा’ ही पद्धत आणली. आधी विमानाची तिकिटे, मग हॉटेलच्या खोल्या. गिऱ्हाइकाने शहर, शहरातला भाग, तारखा आणि हॉटेल किती तारांकित हवे ते सांगायचे. मग आपण किती डॉलर देऊ, ती बोली लावायची. क्रेडिट कार्डाचा नंबर आधीच द्यायचा. बोली मान्य झाली की पैसे लगेच कापले जायचे आणि हॉटेलचे नाव त्यानंतर कळायचे. नाव आवडले नाही, बेत बदलला, तरी पैसे परत नाहीत.

आपल्याकडच्या जनावरांच्या बाजारातली रीत आठवून पाहा. दलाल रुमालाखाली हात घालून बोटे दाबतात आणि सौदा ठरवतात. चारचौघांना किंमत कळत नाही. पण बैल समोर उभा असतो. दात बघा, खूर बघा, चालवून बघा. प्राईसलाईनच्या बाजारात उलटे होते. किंमत उघड आणि बैल रुमालाखाली!

हॉटेलवाले नाव का लपवायचे? शर्टावरचे लेबल कापून तोच शर्ट स्वस्तात विकतात, त्यातलाच हा प्रकार. दीडशे डॉलरची खोली सत्तरला मिळते हे जगजाहीर झाले, तर दीडशे कोण देणार? म्हणून घाईच्या, नेमके हॉटेल हवे असलेल्या माणसाला पूर्ण भाव, आणि ‘कुठेही चालेल’ म्हणणाऱ्याला लेबल कापलेली खोली.

यात गिऱ्हाइकाच्या हाती सत्ता आल्यासारखे वाटायचे, पण ते अर्धेच खरे. समजा, हॉटेल साठ डॉलरला तयार आहे आणि आपण ऐंशीची बोली लावली, तर वरचे वीस मधल्या कंपनीचे. बाजारात आपण पाठ फिरवली की दुकानदार मागून हाक मारतो, त्यावरून खरा भाव कळतो. इथे हाक मारणारे कोणी नव्हते. बोली नाकारली गेली तर तीच मागणी पुन्हा करायला चोवीस तास थांबावे लागे, नाहीतर शहरातला भाग किंवा तारांची संख्या बदलावी लागे. ज्यांना वेळ होता, सवय होती, त्यांनी यात खरोखर बरेच पैसे वाचवले.

विमानाच्या तिकिटांवरची बोली २०१६ मध्ये बंद झाली, पुढे खोल्यांवरचीही. पण रुमाल गेलेला नाही. प्राईसलाईन आणि हॉटवायर यांच्याकडे आजही नाव झाकलेल्या खोल्या स्वस्तात मिळतात. किंमत तेवढी आता तेच सांगतात.

आपल्या भागातली कितीतरी मुले अमेरिकेत आहेत. आईवडील सहा महिने तिकडे जातात. मुलगा नायगारा किंवा वॉशिंग्टनची सहल ठरवतो आणि हौसेने सांगतो, ‘बाबा, निम्म्या पैशांत खोली मिळवली.’ बोलीच्या काळात अशी खोली दोन मोठ्या माणसांपुरतीच धरलेली असे, आणि एक मोठा पलंग मिळेल की दोन वेगळे, हे तिथे पोहोचल्यावर कळे. एकट्याने कामासाठी फिरणाऱ्याला त्याचे काय? पण सासू, सून, नातू आणि गुडघे दुखणारे आजोबा यांना फरक पडतो. निघायच्या आदल्या रात्री आजोबांना ताप आला, तर वाचवलेल्यापेक्षा जास्त पैसे बुडतात.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर सवलत फुकट मिळत नाही, ती अनिश्चिततेच्या बदल्यात मिळते. आणि घरात ही अनिश्चितता सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. पैसे वाचवल्याचे समाधान एकाला मिळते, गैरसोय बहुधा दुसऱ्याच्या वाट्याला येते.

म्हणून अशी खोली घेण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. आधी त्याच भागातल्या, नाव उघड असलेल्या आणि रद्द करता येणाऱ्या खोलीचा भाव पाहावा. तुलना करताना कर आणि पार्किंग धरून एकूण रक्कम काढावी. सक्तीचे शुल्क धरूनच भाव दाखवावा असा नियम अमेरिकेत मे २०२५ पासून लागू झाला आहे, पण सरकारी कर त्याबाहेर राहू शकतात. दुसरे म्हणजे, किती फरक पडला तर धोका पत्करायचा, तो आकडा आधी कागदावर लिहावा. स्वस्त भाव डोळ्यांसमोर चमकायला लागला की आकडा आपोआप सरकतो.

त्यानंतर बरोबर येणाऱ्यांना विचारावे. अडचण इथेच आहे. मुलाचा खर्च वाचतो म्हटल्यावर आईवडील हमखास सांगतात, ‘आम्हाला काय, कुठेही चालेल.’ त्या उत्तरावर पैसे भरू नयेत. जिने चढवतील का, रात्री किती वेळा उठावे लागते, एका पलंगावर दोघांना झोप लागते का, हे एकेक करून विचारावे. उत्तरे मिळाली की कोणती खोली घ्यायची ते वेगळे ठरवावे लागत नाही.