अलंकार मोजले, मागण्या पुसल्या

मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे केलेले भाषण अमेरिकेतील शाळांतून 'मन वळवण्याच्या तंत्रांचा' नमुना म्हणून शिकवले जाते. पाठाचा साचा ठरून गेला आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापासून चालत आलेले तीन रकाने विद्यार्थ्यांपुढे ठेवायचे: वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद. भाषणातील वाक्ये निवडून मुलांनी ते रकाने भरायचे, रूपके अधोरेखित करायची आणि स्वप्नाचा उल्लेख कितीदा आला ते मोजायचे. तक्ता भरला की पाठ संपतो. ज्या मोर्चात हे भाषण झाले त्याने काय मागितले होते, ते कोणी नाकारले, हे प्रश्न तक्त्यात बसत नाहीत. म्हणून ते विचारलेही जात नाहीत.

हा केवळ अध्यापनपद्धतीचा दोष आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ज्यांचा हयातीत छळ केला त्यांना मृत्यूनंतर पूज्य ठरवायचे आणि त्यांच्या शिकवणुकीची धार बोथट करायची, ही शोषक वर्गाची रीत लेनिनने १९१७ सालीच उघड केली होती. किंग मार्क्सवादी नव्हते. ते ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. परंतु या रीतीतून तेही सुटले नाहीत. भाषणानंतर दोनच दिवसांनी एफबीआयच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अंतर्गत टिपणात त्यांची नोंद देशातील सर्वांत धोकादायक कृष्णवर्णीय नेता म्हणून केली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे दूरध्वनी चोरून ऐकण्यास अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी मंजुरी दिली. अलंकार मोजून कोणी एवढे धास्तावत नाही. मग सरकार कशाला घाबरले होते?

त्या दिवशी लिंकन स्मारकापुढे जमलेल्या सुमारे अडीच लाख लोकांच्या मोर्चाचे नावच 'रोजगार व स्वातंत्र्यासाठी मोर्चा' असे होते. त्यात रोजगार हा शब्द पहिला आहे. मोर्चाचे अध्वर्यू ए. फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेच्या शयनयानांतील कृष्णवर्णीय कामगारांच्या युनियनचे नेते होते. १९४१ साली अशाच मोर्चाच्या नुसत्या इशाऱ्याने त्यांनी रूझवेल्ट सरकारला संरक्षण उद्योगांतील भेदभावाविरुद्ध आदेश काढायला लावला होता. १९६३ च्या मागण्यांत नागरी हक्कांचा कायदा व शाळांतील वर्णभेदाचा अंत यांच्या जोडीला बेकारांसाठी सरकारी रोजगार योजना, नोकरीतील भेदभावास बंदी आणि तासाला किमान दोन डॉलर वेतन या मागण्या होत्या. त्या वेळी कायद्याने ठरलेले किमान वेतन १.१५ डॉलर होते. दोन डॉलरचा आकडा गाठायला १९७४ साल उजाडले, आणि तोवर महागाईने त्यातील कस काढून घेतला होता. ही मागणी कोणत्या रकान्यात भरायची?

खुद्द भाषणाकडे वळू. त्याच्या पूर्वार्धात किंग यांनी हिशेब मांडला आहे. अमेरिकेच्या संस्थापकांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातून व राज्यघटनेतून प्रत्येक नागरिकाला एक वचनचिठ्ठी लिहून दिली. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला मात्र खात्यात रक्कम नाही म्हणून परत आलेला चेक आला. तो चेक वटवून घेण्यासाठी आम्ही राजधानीत आलो आहोत, असे ते म्हणतात. तक्त्यात याची नोंद 'विस्तारित रूपक' अशी होते. वास्तविक पाहता या रूपकाने नाते उलटे केले आहे. जो समाज याचक समजला जात होता तो येथे धनको होऊन उभा राहतो आणि राज्यसंस्था थकबाकीदार ठरते. धनको विनवणी करीत नाही, तो वसुलीला येतो. हे न सांगता नुसते रूपक ओळखायला शिकवणे म्हणजे मागणीपत्राचे हस्ताक्षर तपासून मजकूर न वाचण्यासारखे आहे.

पाठात मात्र उजेड पडतो तो उत्तरार्धावर. त्यातील एकच वाक्य, आपल्या मुलांची पारख कातडीच्या रंगावरून न होता त्यांच्या चारित्र्यावरून व्हावी या आशयाचे, अलग काढून जगभर फिरवले गेले. त्याचा उपयोग पाहा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला विरोध केलेल्या रेगन यांनी अध्यक्ष असताना, १९८५ साली, नोकऱ्यांतील कोट्यांविरुद्ध बोलताना याच वाक्याचा आधार घेतला. पुढे 'रंगनिरपेक्षता' हीच सकारात्मक कृतीच्या विरोधकांची घोषणा बनली, आणि जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ-प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. परंतु स्वतः किंग यांची भूमिका काय होती? १९५९ साली ते भारतात आले होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांना येथे प्रवेशात दिल्या जाणाऱ्या प्राधान्याचा उल्लेख त्यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात संमतीपूर्वक केला आणि शतकांच्या अन्यायाची भरपाई विशेष उपायांनीच होईल असे प्रतिपादन केले. एक वाक्य पाठ करून घेणारी पद्धत विद्यार्थ्याला त्या वाक्याच्या अपहाराविरुद्ध निःशस्त्र सोडते.

मन वळवण्याच्या या शास्त्रात आणखी एक भ्रम दडलेला आहे: उत्तम शब्दांनी सत्ताधाऱ्यांचे हृदयपरिवर्तन होते. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. भाषणाला तीन आठवडे होण्यापूर्वीच, १५ सप्टेंबर १९६३ रोजी, बर्मिंगहॅम येथील चर्चमध्ये वर्णवाद्यांनी बॉम्बस्फोट घडवून चार कृष्णवर्णीय मुलींचा जीव घेतला. १९६४ व १९६५ चे कायदे झाले ते तुरुंगवास, लाठ्या आणि बलिदान सोसून उभ्या राहिलेल्या जनआंदोलनाच्या रेट्याने. त्या आंदोलनाने भाषणाला बळ दिले आणि भाषणाने आंदोलनाला.

येथे आपल्याच काही कार्यकर्त्यांची उलट टोकाची चूकही दाखवली पाहिजे. आशय बरोबर असला की पुरे, वक्तृत्वाची चिकित्सा हा बूर्झ्वा छंद आहे, असे ते मानतात. हे मत मार्क्सवादी नाही, केवळ आळशी आहे. उघड्या मैदानातील लाखोंच्या सभेत पुनरावृत्तीमुळे श्रोत्याला पुढचा शब्द आधी कळतो, तो प्रतिसाद देऊ लागतो आणि सभा एका सुरात येते. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये घडलेली ही सामुदायिक कला आहे. स्वप्नाचा भाग तर लिखित मसुद्यात नव्हताच. गायिका महालिया जॅक्सन यांनी मागून हाक दिल्यावर तो आला, असे सांगितले जाते. शिवाय जो विद्यार्थी ही तंत्रे ओळखू शकत नाही तो उद्या जमातवादी भाषणबाजांचे भक्ष्य होईल, कारण तेही पुनरावृत्ती करतात आणि तेही स्वप्ने दाखवतात. तंत्र दोघांकडे असते. फरक कळतो तो कोण, कोणाच्या वतीने, कोणाकडे, काय मागत आहे हे विचारल्यावरच.

म्हणून हे भाषण शिकवायचे तर त्याच्या शेजारी मोर्चाच्या मागण्यांची यादी ठेवली पाहिजे. त्याच व्यासपीठावरून तेवीस वर्षांचे जॉन लुईस बोलले. सरकारवरील त्यांची टीका आयत्या वेळी सौम्य करायला लावली गेली, हेही सांगितले पाहिजे. थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, ज्यांना डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहिले होते आणि जे १९६१ साली कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले, ते मोर्चाच्या आदल्या दिवशी घाना येथे निवर्तले. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीच्या सभेत किंग यांनी, ते कम्युनिस्ट होते हे दडवणे आता थांबवा, असे बजावले. हे भाषण शाळेच्या तक्त्यात सापडत नाही. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, मेम्फिस शहरातील संपकरी सफाई कामगारांच्या पाठिंब्यासाठी गेले असता, ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांचा खून झाला. त्या सुमारे तेराशे कामगारांच्या हातांतील फलकांवर फक्त एवढेच होते, की आपण माणूस आहोत. १६ एप्रिलला नगरपालिकेला त्यांची युनियन मान्य करावी लागली आणि वेतनवाढ द्यावी लागली.

शिक्षक आघाडीवर काम करणाऱ्या कॉम्रेडांनी आणि अभ्यासवर्ग घेणाऱ्यांनी हा धडा ध्यानी घ्यावा. अलंकार जरूर शिकवा. परंतु प्रत्येक अलंकारापाशी थांबून विचारा: या शब्दांनी कोणाचे देणे मागितले, आणि ते फिटले काय?