न पळणारे माकड

माकड अंगणात आले आणि हुसकावूनही गेले नाही, तर आपल्याकडे त्याचे कौतुक होते. "कसे माणसाळले आहे बघा!" म्हणत कोणी केळेही पुढे करतो. देवळापाशी खाऊन सोकावलेल्या माकडांची गोष्ट वेगळी. पण रानातले माकड माणसाला पाहून पळत नसेल, तर आधी त्याच्या आजाराची शंका घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

निरोगी वानरही दुपारी तासन्‌तास स्वस्थ बसते. झाडपाला पचायला वेळ लागतो. पण ते बसते झाडावर, कळपात, आणि चाहूल लागताच सावध होते. आजारी माकड कळपापासून तुटते, जमिनीवर मान टाकून बसते, झेप घेताना त्याचा तोल जातो. विजेचा धक्का किंवा वाहनाची ठोकर बसलेले माकड हात-पाय उचलून धरते, लंगडते.

एवढ्या बारीक नजरेने पाहायचे कशाला, असे कोणी विचारील. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने आजारी पडली. कन्नडमध्ये या रोगाला 'मंगन कायिले' म्हणतात, आपण माकडताप म्हणतो. तो गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो. 2015 साली तो सत्तरीतील पाली गावात, 2016 साली दोडामार्ग तालुक्यात आणि पुढे बांद्याकडे आढळला. सत्तरी आणि दोडामार्ग डिचोलीला लागून आहेत, बांदा पेडण्याच्या सीमेवर आहे. शिवाय काजूचा हंगाम आणि या गोचिडींचा हंगाम एकच! बोंडू वेचणाऱ्या बायामाणसांनाच त्याचा पहिला धोका.

माकड मेले की मारुतीचे रूप मानून आपण त्याला कापड घालतो, हळदकुंकू वाहतो, पुरतो. भावना चांगलीच आहे. परंतु मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिडी उतरून आसपास पसरतात आणि नव्या शरीराची वाट पाहतात. म्हणून हात जोडावेत ते दुरूनच. आजारी वा मेलेल्या माकडाला शिवू नये. जागा लक्षात ठेवून वनखात्याला आणि आरोग्यकेंद्राला त्याच दिवशी कळवावे.

वाणिज्याच्या वर्गात आम्ही शिकतो की, पेढी बुडण्याआधी तिच्या वह्यांतच चिन्हे दिसू लागतात. रानाचेही तसेच. ती वही वाचायला राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून, काजूचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच, गावोगाव शिकवले पाहिजे. रस्ते झाडण्याइतकेच तेही सेवेचे काम आहे.