स्वयंपाकघराची फरशी

उसाचा हप्ता हाती पडला की आपल्या सचिन भागात अनेकांचे लक्ष प्रथम घराकडे, आणि घरात स्वयंपाकघराकडे जाते. ही चांगली गोष्ट आहे. घरच्या बाईचा निम्मा दिवस जिथे जातो ती जागा कोरडी व स्वच्छ हवीच. परंतु दुकानातली आरशासारखी लादी पाहून पैसे मोजण्यापूर्वी थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

आमचे मत असे की, शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात दगडी फरशीच बरी, आणि तीही फार घोटलेली नको. तेलाचा थेंब सांडतो, मोरीचे पाणी पसरते, शेतातून माणूस ओल्या पायांनी आत येतो. चकचकीत लादीवर अशा वेळी पाय घसरतो. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले, तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो.

कोट्याची फरशी राजस्थानातील रामगंज मंडीकडच्या खाणींतून येते, तर शहाबादी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून. दोन्ही चुनखडकच. म्हणून लिंबू, चिंच, ताक सांडले तर लगेच पुसावे. संडास धुण्याचे ॲसिड या फरशीवर कधीही ओतू नये. दगड झिजतो व कायमचे डाग पडतात. साधे साबणाचे पाणी पुरते.

आता आमची चूक सांगतो. आम्ही सणापूर्वी काम उरकायचे म्हणून काळ्या मातीवरच रेती पसरून फरशी बसवून घेतली. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. दोन वर्षांत मोरीजवळ फरशी खचली, सांधे उघडले आणि त्यांत झुरळांनी बिऱ्हाड केले. दोष दगडाचा नव्हता, गवंड्याचाही नव्हता. आमच्या उतावीळपणाचा होता. पुन्हा खर्च केला तेव्हा काळी माती उकरून काढली, मुरूम थराथराने भरला, पाणी मारून धुमसाने ठोकला, त्यावर काँक्रीटचा थर घातला आणि मग फरशी बसवली. मोरीकडे दर दहा फुटांस सव्वा इंच उतार ठेवला. सांधे सिमेंटने भरून आठवडाभर पाणी मारले. घाई केली नाही.

शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. फरशी कापताना उठणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साठली की सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही, आणि क्षयरोगही लवकर गाठतो. आपल्याच गुजरातेत खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांनी हे दुःख भोगले आहे. ऑस्ट्रेलियाने तर ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडावर 1 जुलै 2024 पासून याच कारणाने बंदी घातली.

म्हणून कटरवर पाण्याची धार ठेवण्यास कारागिरास सांगावे, काम अंगणात करवून घ्यावे, लहान मुलांना दूर ठेवावे. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. धुळीसाठीचा चांगला मास्क आपणच आणून द्यावा. पाण्याने कापताना वेळ थोडा जास्त लागतो, मजुरीही थोडी वाढेल. ती घासाघीस न करता द्यावी. आपले स्वयंपाकघर उजळावे म्हणून दुसऱ्याच्या घरचा श्वास कोंडू नये, एवढेच आमचे सांगणे.