घात लाकडानं नव्हे, दगड-मातीनं केला

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं निजली आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी, सास्तूर परिसरातली गावं भुईसपाट झाली. सुमारे ८ हजार माणसं गेली. तेव्हापासून एक समज घट्ट बसला, की जुनं लाकडाचं घर म्हणजे मरण आणि सिमेंटचं घर म्हणजे जीवदान. हा समज अर्धाच खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्यापायी आपण एक चांगली वस्तू उकिरड्यावर टाकतो आहोत.

माळवदाचं घर आठवा. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या आणि फळ्या, वर मातीचा थर. पावसाळ्यात गळू नये म्हणून पांढऱ्या मातीचे थर वर्षानुवर्षे चढत गेले. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर दोन फूट माती असेल, तर डोक्यावर नऊ टन वजन झालं! भोवती दोन-अडीच फुटी दगडी भिंती, त्याही मातीत रचलेल्या. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, दोन्हीला बांधणारा आडवा दगड नाही. धक्का बसताच भिंती फुटल्या, दगड-माती झोपलेल्या लेकराबाळांवर आली. काही ठिकाणी मात्र भिंती पडूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. जिथं सांगाडा कोसळला, तिथं त्याच्यावर न पेलणारं ओझं होतं आणि कोपऱ्याला तिरका आधार नव्हता. मग दोष लाकडाचा की आपल्या रचनेचा?

भूकंपात घराला बसणारा हिसका त्याच्या वजनाच्या हिशेबात बसतो. एक घनमीटर काँक्रीट सुमारे अडीच टन भरतं, तेवढंच वाळलेलं लाकूड साधारण अर्धा ते पाऊण टन. हलक्या घराला हिसका कमी, आणि सांधे नीट असले तर लाकूड थोडं वाकून सावरतं. काश्मीरमध्ये लाकडी चौकटीत लहान दगड-विटा भरून घरं बांधतात, त्याला धज्जी देवारी म्हणतात. २००५ च्या भूकंपात ही घरं साध्या दगडी घरांपेक्षा बरी टिकली. पलीकडे पाकिस्तान सरकारनं पुनर्बांधणीत ती पद्धत मान्य केली.

आता कुणी म्हणेल, "अहो, सागाची तुळई आणायची कुठून? तेवढं झाड राहिलंय का?" प्रश्न रास्त आहे. त्याचंच उत्तर म्हणजे थरांचं लाकूड. इंजिनिअर लोक त्याला इंजिनिअर्ड टिंबर म्हणतात. यात मोठं झाड लागत नाही. लहान झाडाच्या फळ्या भट्टीत वाळवतात, गाठी-भेगांचा भाग कापून टाकतात, उरलेले तुकडे दातेरी सांध्यानं जोडतात आणि थरावर थर खास डिंकानं दाबून चिकटवतात. अशी तुळई हवी तेवढी लांब होते, कमी पिळते, आणि किती भार पेलेल हे आधी मोजलेलं असतं. नॉर्वेत २०१९ साली या लाकडाच्या सांगाड्यावर १८ मजली इमारत उभी राहिली. आपल्याला १८ मजले नकोत, दोन खोल्या आणि ओसरी पुरे.

आगीचं भय सगळ्यांनाच असतं. पण जाड तुळई काडीसारखी भसकन जळत नाही. वरून कोळसा धरतो, तो आतल्या लाकडाला राखतो. मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर जळतं, म्हणून किती वेळ तग धरेल याचा हिशेब मांडता येतो. वाळवीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. लाकडाला औषध दिलेलं हवं, खांब जमिनीत न पुरता उंच बैठकीवर हवा आणि पाणी मुरता कामा नये.

शेतकऱ्याचा खरा फायदा बांधावर आहे. आपली निलगिरी, सुबाभूळ आज कागद कारखान्याला नाहीतर सरपणाला वजनावर जाते. हरियाणातल्या यमुनानगरच्या शेतकऱ्याचा पॉप्लर मात्र प्लायवूडच्या कारखान्याला जातो, कारण कारखाना जवळ आहे. बांबूचंही तसंच. २०१७ मध्ये कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला, तेव्हा तोडीची अडचण हलकी झाली. माल आपल्याकडं होऊ शकतो, अडलंय ते कारखान्यावाचून.

खरं सांगायचं तर असं लाकूड आज तालुक्याच्या वखारीत मिळत नाही, आणि बाहेरून आणलं तर परवडत नाही. म्हणून उद्याच घर पाडून हे बांधा, असं मी म्हणत नाही. पण केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यानं १९९३ पासूनची लाकूडबंदी २०२० मध्ये उठवली. भूकंपरोधक लाकडी बांधकामाचे नियम आयएस ४३२६ या मानकात आहेत. मग सरकारनं एखादी अंगणवाडी, एखादी शाळेची खोली थरांच्या लाकडात बांधून दाखवायला काय हरकत? गिऱ्हाईक दिसल्याशिवाय कारखाना येत नाही, आणि पहिलं गिऱ्हाईक सरकारच होऊ शकतं. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनी ग्रामसभेत हा ठराव घ्यावा.

तोवर ज्यांची माळवदं अजून उभी आहेत, त्यांनी जाणत्या इंजिनिअरला दाखवून वरची माती उतरवावी, हलकं छप्पर घालावं, खाली फळ्या ठेवल्या म्हणजे उन्हाळ्यात पत्र्यासारखं भाजणार नाही. खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार आणि लोखंडी पट्ट्या द्याव्यात. भूकंप पुन्हा कधी येईल हे कुणाला सांगता येत नाही. डोक्यावरचं ओझं उतरवणं मात्र आपल्याच हातात आहे.