पान का नासले?

पान का नासले, घोडा का अडला, भाकरी का करपली, या तिन्ही प्रश्नांना लहानपणी आम्ही एकच उत्तर द्यायचो : न फिरवल्यामुळे. बँकेत चौतीस वर्षं खतावणीची पानं फिरवून निवृत्त झालेला मी बारामतीकर आता जाहीर करतो, की हे उत्तर जुनं झालं. हल्ली पान फिरवल्यामुळेच नासतं.

त्याचं असं झालं. माझा धाकटा मेहुणा निमगाव केतकीचा. इंदापूरच्या वाटेवरचं हे गाव पानमळ्यांचं. तेव्हा खायच्या पानाबद्दल त्याला मी काही शिकवावं असं नाही. एका संध्याकाळी तो एस.टी.नं येऊन थडकला. "दाजी, ठिबकच्या अनुदानाची यादी लागलीय म्हणं. कॉम्प्युटरवर माझं नाव बघा की. हरकतीची मुदत उद्यापतुरच हाय."

बघा की! एका पानावर दहा नावं आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात : पान १, एकूण १४३. नावं अकारविल्हे नव्हती. शोधायची चौकट होती. तिच्यात आडनाव घातलं, तर समोरच्या दहा नावांतच शोधून ती "आढळले नाही" म्हणाली. अहो, ती दहा मलाही दिसत होती! मला चष्मा आहे, मी आंधळा नाही.

मग 'पुढे', 'पुढे', 'पुढे'. एकदम साठाव्या पानावर उडी मारायची सोय नाही. एकोणचाळिसाव्या पानावर मेहुण्याचा एक नावबंधू भेटला. वडिलांचं नाव बघावं म्हणून त्याच्यावर टिचकी मारली. तो भलताच निघाला. मागे आलो, तर पान १! सापशिडीत निदान साप आधी दिसतो तरी.

रात्री साडेअकराला १४३वं पान संपलं. नाव नव्हतं. मेहुणा काही बोलला नाही. सौ.नं वाढून ठेवलेलं ताट तसंच झाकलेलं राहिलं.

सकाळी हरकतीचा अर्ज खिशात घालून तो इंदापूरला निघाला, तेवढ्यात शेजारचा कॉलेजातला मुलगा डोकावला. "काका, तुम्ही बघत असताना मागचं एखादं नाव वगळलं असेल. मग पुढच्या पानावरचं पहिलं नाव मागच्या पानाच्या तळाशी सरकतं. तुम्ही तोवर पुढे गेलेले." पुन्हा बसलो. सत्तराव्या पानावर, अगदी तळाशी, मेहुणा होता! यादीत असलेला माणूस आम्ही रात्रभर यादीबाहेर काढून ठेवला होता.

पानंच करू नका, असं मी म्हणत नाही. सगळी नावं एकदम ओतली तर खेड्यातल्या फोनचा जीव जाईल, एवढं कळतं मला. खाली खाली ओघळत जाणारी बिनपानांची यादी हाही उतारा नव्हे. गूगलनं संगणकावरच्या शोधाला ती तऱ्हा २०२२च्या डिसेंबरात लावून पाहिली आणि २०२४च्या जूनमध्ये गुंडाळली. पण आमच्या खतावणीला पुढे नावांची सूची असे. नाव काढायचं, पानाचा आकडा घ्यायचा, थेट तेच पान उघडायचं. साहेबांनी हाक मारली तर पानात बोट घालून उठायचं. याच बारामतीत मोरोपंतांनी १०८ रामायणं रचल्याचं सांगतात. तेव्हाच्या पोथ्या सुट्या पानांच्या, ना शिवण ना बांधणी. तरी समासातला आकडा बघून उधळलेली पोथी पुन्हा लागत असे. आणि या यंत्राला मी घटकेपूर्वी कुठल्या पानावर होतो एवढंही आठवू नये? कागद संपतो म्हणून पान संपतं. पडद्याचं काय संपतं दहा नावांत? पन्नास दाखवा, शंभर दाखवा, वाचणाऱ्याला विचारा. शोधायचं तर सगळ्या यादीत शोधा, आणि माझं बोट जिथं होतं तिथं राहू द्या!

निघताना मेहुण्यानं पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानांची जुडी काढून माझ्या हातात ठेवली.

"दाजी, रोज फिरवत जावा, न्हाईतर नासतील."

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.